विश्लेषण : सामना आला, तर सोलापुरात काम कोणाला मिळते?

जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना सोलापूरच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर, म्हणजे पार्क मैदानावर झाला. सामने वाढले की प्रेक्षकांना जागा दाखवणारे, गेटवर तिकीट तपासणारे आणि पाणी-खाऊ विकणारे यांना रोजगार मिळेल, अशी आशा असते. ती कितपत खरी?

काम किती दिवसांचे?

साखळी फेरीतील रणजी सामना चार दिवसांचा. तेवढ्यावर महिन्याचा पगार निघत नाही. हे हजेरीचेच काम. अशा सामन्यांना गर्दी बेताची असते, त्यामुळे जागा दाखवायला माणसेही थोडीच लागतात.

मोठी गर्दी कुठे?

२०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. त्यात ‘सोलापूर रॉयल्स’ संघ होता, पण सामने झाले पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमवर. त्याच वर्षी विश्वचषकाचे पाच सामनेही तिथेच झाले. सोलापूरहून सुमारे अडीचशे किलोमीटर जाऊन एका दिवसाची हजेरी भरणे परवडणारे नाही.

भरती कोण करते?

मोठ्या सामन्यांसाठी आयोजक बहुधा कंत्राटदारामार्फत तरुण घेतात. होकार देण्याआधी हजेरी किती, तास किती, जेवण मिळणार का आणि पैसे कधी, हे मोबाइलवर लिहून घ्यावे. सुरक्षारक्षक म्हणून नेमले जात असेल, तर २००५ च्या कायद्यानुसार संस्थेकडे परवाना हवा आणि रक्षकाला प्रशिक्षण हवे.

विक्रेत्यांचे काय?

स्टेडियममध्ये विक्रीचा हक्क सहसा कंत्राटदाराकडे असतो; फिरता विक्रेता कमिशनवर काम करतो. विकला न गेलेला माल कोणाच्या माथी, हे आधीच ठरवावे. बाहेर गाडी लावणाऱ्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यानुसार महापालिकेकडून विक्री प्रमाणपत्र मिळते. पीएम स्वनिधी योजनेत पात्र विक्रेत्याला पहिले कर्ज १५ हजारांपर्यंत मिळते. वेळेत फेडल्यास पुढे २५ आणि ५० हजारांपर्यंत. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षा नोंदणीही लागते.

मग भरवसा कशावर?

सोलापुरात विक्रेत्याचा मोठा हंगाम जानेवारीतील सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचा. सामना ही त्यावरची जोडकमाई. पार्क मैदानावर तिकिटाचे सामने नियमित होऊ लागेपर्यंत त्याच हिशेबाने माल भरलेला बरा.