घरच्या कॉम्प्युटरला बॅकअप सॉफ्टवेअर कोणतं? फ्री, विकतचं, की विंडोजचंच पुरेल?



"मॅडम, एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेतली. आता बॅकअपला सॉफ्टवेअर कोणतं टाकू?" टॅलीच्या व्हिडिओनंतर हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की म्हटलं, एकदाच नीट लिहून ठेवावं. मेनू कुठे आहे ते व्हिडिओत दाखवता येतं, पण निवडायचं कसं हे लिहूनच बरं पडतं.

सॉफ्टवेअरची नावं खाली देतेच. त्याआधी एक कागद घ्या. तुमचा कॉम्प्युटर उद्या सकाळी चालूच झाला नाही, तर कोणतं काम अडेल ते त्यावर लिहा. माझं स्टेशनरी आणि प्रिंटिंगचं दुकान आहे, त्यामुळे माझी यादी अशी: टॅलीचा डेटा, लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डांच्या कोरल ड्रॉच्या फाइल्स, जीएसटीची बिलं, उधारीची एक्सेल शीट आणि चॅनेलचे कच्चे व्हिडिओ. यातले व्हिडिओ सोडले तर बाकी सगळं मिळून एका साध्या पेन ड्राइव्हवर मावतं. पण किंमत बघाल तर उलटं आहे. व्हिडिओ गेला तर परत शूट करू. उधारीची शीट गेली तर कोणतं गिऱ्हाईक स्वतःहून येऊन सांगणार आहे की "ताई, माझ्याकडे तुमचे साडेतीन हजार बाकी आहेत"?

शिवाय हा फक्त सोयीचा प्रश्न नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची रेकॉर्ड वार्षिक रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायची असतात. म्हणजे सहा वर्षं, वर ते चालू वर्ष वेगळंच. एवढ्या काळात कॉम्प्युटर एकदा तरी बदलतोच. तेव्हा रेकॉर्ड मशीनपेक्षा जास्त टिकलं पाहिजे, हे धरूनच चाला.

"डी ड्राइव्हवर कॉपी आहे ना!"

दर बॅचमध्ये हे ऐकायला मिळतं. बाबांनो, सी आणि डी हे बहुतेक घरच्या कॉम्प्युटरमध्ये एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एकाच कपाटाचे दोन कप्पे समजा. कपाटच जळालं तर खालचा कप्पा वाचत नाही. डी ड्राइव्हवरची कॉपी विंडोज परत टाकताना उपयोगी पडते, बस. तो बॅकअप नव्हे.

दुसरा गैरसमज याहून महागात पडतो: गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हला फोल्डर जोडला की झाला बॅकअप. ते सिंक आहे. सिंक म्हणजे इकडे जे होईल तेच तिकडे. तुम्ही चुकून फाइल डिलीट केली तर तिकडचीही जाते. ट्रॅशमध्ये ३० दिवस असते खरी, पण मार्चमध्ये उडवलेली फाइल जुलैमध्ये आठवली तर? आणि फाइल उडाली नाही, नुसती बिघडली, तर बिघडलेलीच वर चढते.

आमच्या एका जुन्या बॅचमधल्या ताई घरून मशीन एम्ब्रॉयडरीचं काम करतात. ब्लाउजचे गळे, बाह्या, पैठणीचे मोर. चार वर्षांची डिझाइन्स कॉम्प्युटरवर, आणि त्यांची कॉपी एक्स्टर्नल डिस्कवर. डिस्क कायम मागच्या यूएसबीला लावलेली, कारण "काढ-घाल कोण करणार". एके दिवशी कुठल्याशा फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर रॅन्समवेअर आलं. कॉम्प्युटरवरच्या फाइल्स लॉक झाल्या आणि पाठोपाठ एक्स्टर्नलवरच्याही, कारण व्हायरसला दोन्ही ड्राइव्ह सारखेच दिसतात. ऐन लग्नसराईत अकरा ऑर्डर घेतलेल्या. व्हॉट्सअॅपवर ग्राहकांना पाठवलेल्या फोटोंवरून त्यांनी रात्री जागून डिझाइन्स परत डिजिटाइझ केली. अकरातल्या सात ऑर्डर पोचल्या, चार अॅडव्हान्स परत द्यावे लागले. त्यांच्याकडे बॅकअप होता, सॉफ्टवेअरही होतं. फक्त डिस्क काढून ठेवलेली नव्हती.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं तेव्हा मोठमोठी हॉस्पिटलं आणि कंपन्या अडकल्या होत्या. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, हे मोठ्यांचे प्रॉब्लेम आहेत. तसं नाहीये. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकणाऱ्या छोट्या दुकानदाराला हे आधी गाठतं.

फाइल बॅकअप की इमेज?

आता सॉफ्टवेअर. बाजारातली सगळी बॅकअप सॉफ्टवेअर मुळात दोन कामं करतात. एक, तुमच्या फाइल्सच्या कॉप्या काढणं. दुसरं, आख्ख्या डिस्कची इमेज काढणं, म्हणजे विंडोज, टॅली, प्रिंटरचे ड्रायव्हर, सेटिंग, सगळं जसंच्या तसं. दुकानाच्या भाषेत सांगायचं तर पहिल्यात फक्त माल हलवला, दुसऱ्यात रॅक, काउंटर, बोर्डासकट दुकान उचललं.

इमेजचा फायदा म्हणजे डिस्क मेली तर नवी डिस्क टाकून काही तासांत तुम्ही परत कामाला. तोटा हा की ती मोठी असते, आणि जुन्या मशीनची इमेज वेगळ्या नव्या मशीनवर नीट बसेलच असं नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे अनेक जण मशीन बदलतायत. त्यांना नव्या मशीनवर जुनी इमेज नको, नुसता माल हवाय. माझं मत विचाराल तर छोट्या व्यवसायाला फाइल बॅकअप रोज, आणि इमेज तीन-चार महिन्यांतून एकदा. दोन्हीसाठी एकच सॉफ्टवेअर पाहिजे असा काही नियम नाही.

नावं घेऊन बोलू

विंडोजमध्ये फाइल हिस्टरी आधीपासून आहे, विंडोज ८ पासून. विंडोज ११ मध्ये ती सेटिंग्जमध्ये शोधू नका, कंट्रोल पॅनलमध्ये सापडेल. एक्स्टर्नल लावायची, चालू करायची. ठरलेल्या सेटिंगमध्ये ती दर तासाला बदललेल्या फाइल्सची कॉपी घेते आणि जुन्या आवृत्त्याही ठेवते. म्हणजे कालची एक्सेल शीट कशी होती ते आज बघता येतं. मला हिची सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे फाइल्स डिस्कवर साध्या फोल्डरमध्येच असतात. नावापुढे तारीख लागते, पण दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला डिस्क लावून तुम्ही त्या उघडू शकता.

कमतरता अशी की ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठराविक जागाच बघते. टॅलीचा डेटा सहसा तिथे नसतो, आणि नेमका तोच राहून जातो! यावर सोपा उपाय आहे. टॅली प्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबा, बॅकअप निवडा आणि जागा म्हणून डॉक्युमेंट्समधला एखादा फोल्डर द्या. रोज दुकान बंद करताना, गल्ला मोजायच्या आधी. मग तो फोल्डर फाइल हिस्टरी आपोआप उचलते. बिलिंगचं दुसरं सॉफ्टवेअर असेल तरी त्यात स्वतःचा बॅकअपचा पर्याय असतोच, तोच वापरा. चालू असलेल्या डेटाबेसचा फोल्डर नुसता कॉपी-पेस्ट केला तर कॉपी अर्धवट येऊ शकते.

एक घोळ टाळा. विंडोजमध्ये आता विंडोज बॅकअप नावाचं वेगळं अॅपही आहे. नाव सारखं, काम वेगळं. ते तुमचे फोल्डर वनड्राइव्हवर चढवतं, एक्स्टर्नलवर नाही. आणि फुकट जागा पाच जीबीच.

मॅक वापरत असाल तर टाइम मशीन चालू करा आणि पुढचा परिच्छेद सोडून द्या. २४ तासांचे तासाचे, महिन्याभराचे रोजचे आणि त्याआधीचे आठवड्याचे बॅकअप ती ठेवते, डिस्क भरली की सगळ्यात जुने काढते. आणखी काही लागत नाही.

इमेजसाठी पूर्वी सगळे मॅक्रियम रिफ्लेक्टची फ्री आवृत्ती सांगायचे. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ अजून तेच सांगतात. पण कंपनीने ती फ्री आवृत्ती बंद केलीय, १ जानेवारी २०२४ पासून तिला अपडेट नाहीत. आता मी वीम एजंटची फ्री आवृत्ती बघायला सांगते. दिसायला जरा ऑफिशियल आहे, पण आख्ख्या कॉम्प्युटरची इमेज काढते, नंतर फक्त बदललेला भाग घेते, आणि बॅकअप झाल्यावर एक्स्टर्नल डिस्क आपोआप इजेक्ट करायचा पर्याय देते. एम्ब्रॉयडरीवाल्या ताईंचं आठवतंय ना? त्या एका टिकमार्कसाठी मी हे सॉफ्टवेअर सुचवते. डब्ल्यूडीची डिस्क घेतली असेल तर कंपनीच्या साइटवर अॅक्रोनिसची खास आवृत्तीही मिळते, वेगळे पैसे न देता. फोल्डर टू फोल्डर कॉपी हवी असेल तर फ्रीफाइलसिंक चांगलं आहे. पण त्यातला मिरर पर्याय जपून वापरा. मूळ जागेवरून जे गेलं ते तो बॅकअपमधूनही काढतो. व्हर्जनिंग चालू करा, म्हणजे काढलेलं बाजूला राहतं.

पैसे द्यायचे का? द्या, जर समोरच्याचं उत्तर पटलं तर. विकतच्या सॉफ्टवेअरबद्दल मी आधी हे विचारते: माझं वर्षाचं सबस्क्रिप्शन संपलं आणि मी रिन्यू केलं नाही, तर जुन्या बॅकअपमधून फाइल परत काढता येईल का? हेल्पलाइनवाला इथे गोलगोल बोलायला लागला की समजायचं. आपला माल दुसऱ्याच्या गोडाउनमध्ये आणि किल्लीचं भाडं दरवर्षी, असा धंदा आपल्याला परवडत नाही. मग विचारायचं की बॅकअप फेल झाला तर मला कळणार कसं. आणि विंडोजच सुरू होत नसेल तर रेस्क्यू पेन ड्राइव्ह बनवता येतो का. फ्री सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक बघा: बऱ्याच ठिकाणी फ्री म्हणजे फक्त घरगुती वापराला फ्री असतं. आपण घरून काम करत असलो तरी तो व्यवसायच आहे. लायसन्सच्या दोन ओळी वाचायला काही जात नाही.

डिस्क एक की दोन?

दोन. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे माहीत झालेला एक नियम आहे, ३-२-१: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या जागी. तिसऱ्या भागाकडे लोक कानाडोळा करतात. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं. त्याआधी २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला. पाणी कॉम्प्युटर आणि शेजारच्या ड्रॉवरमधली डिस्क यांत फरक करत नाही. म्हणून एक डिस्क दुकानात, दुसरी घरी. घरूनच काम करत असाल तर दुसरी भावाकडे किंवा माहेरी, आणि महिन्यातून एकदा अदलाबदल. छोट्या, महत्त्वाच्या फाइल्स क्लाउडवरही ठेवा. गुगलची फुकटची १५ जीबी उधारीच्या शीटला भरपूर झाली.

डिस्क बाहेर जाणार म्हटल्यावर पासवर्ड हवाच, कारण आत ग्राहकांचे नंबर, पॅन, बँकेचे तपशील असतात. विंडोज होममध्ये एक्स्टर्नल डिस्कला बिटलॉकर लावता येत नाही, त्यासाठी प्रो लागतं. वीमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये बॅकअपलाच पासवर्ड द्यायची सोय असते. वेगळं काही हवं असेल तर व्हेराक्रिप्ट फुकट आहे. पासवर्ड कागदावर लिहा आणि तो कागद दागिन्यांच्या डब्यात ठेवा. डिस्कला चिकटवू नका, हसू नका, मी पाहिलंय!

डिस्कचा आकार तुमच्या आजच्या डेटाच्या दुप्पट तरी घ्या. आणि तिच्यावर मुलांचे सिनेमे टाकू नका. सिनेमे टाकले की ती टीव्हीला लागते, टीव्हीला लागली की हातातून पडते.

या रविवारी एवढं करा. डिस्क लावा, बॅकअप घ्या. पहिल्या वेळी काही तास जातील, नंतर मिनिटं. मग डिस्क काढून दुसऱ्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरला जोडा आणि तीन गोष्टी परत काढून बघा: मागच्या महिन्यातलं एक बिल, एक डिझाइन किंवा फोटो, आणि टॅलीचा बॅकअप. टॅलीचा बॅकअप रिस्टोअर करताना चालू कंपनीच्या जागेवर करू नका, नवा रिकामा फोल्डर द्या, नाहीतर आजच्या एंट्रींवर जुना डेटा बसेल. तिन्ही उघडल्या की डिस्कवर आजच्या तारखेची पट्टी लावा. दर तीन महिन्यांनी हीच तपासणी करायची. एक तपासणी ३१ मार्चला धरा. वर्षअखेरीला आपण सगळे तसेही टॅलीसमोर बसलेले असतो, आणि योगायोगाने जागतिक बॅकअप दिनही त्याच दिवशी असतो.