गाडी घेण्याआधी एक कागद, एक पेन 🚛



टोमॅटोचा हंगाम उरकत आला की दरवर्षी दोघं-चौघं तरी विचारतात, "भाड्यातच लाख-दीड लाख गेले. त्यापेक्षा आपलीच पिकअप घेतली तर?" प्रश्न रास्त आहे. पण शोरूममध्ये फक्त हप्ता सांगतात. खरा खर्च आपला आपणच काढायचा.

खाली एक उदाहरण मांडलंय. आकडे अंदाजे आहेत, त्या जागी तुमचे टाका.

*१) गाडी उभी असली तरी होणारा खर्च*
गाडी रस्त्यावर येईपर्यंत १० लाख. २ लाख रोख, ८ लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, ५ वर्षं. हप्ता साधारण १७,४०० रुपये. पाच वर्षांत नुसतं व्याजच २ लाख ४४ हजारांच्या आसपास. विमा, कर, फिटनेस मिळून वर्षाला ४० हजार धरा, म्हणजे आणखी २ लाख. पाच वर्षांनी गाडी साडेचार लाखांना विकली असं समजू. ते वजा केले तरी खर्च उरतो जवळपास १० लाख. म्हणजे *वर्षाला २ लाख*, गाडी दारात उभी राहिली तरी.

*२) फेरीचा खर्च*
बाजार ६० किमीवर, जाऊन-येऊन १२०. लिटरला १० किमी आणि डिझेल ९० रुपये धरलं तर किमीला ९ रुपये. टायर, ऑइल, सर्व्हिसिंगचे ३. एकूण १२ रुपये, म्हणजे फेरीला १,४४०. ड्रायव्हरची हजेरी ६००. झाले *२,०४०*. टोल असेल तर वेगळा.

घरचा मुलगा गाडी चालवतो म्हणून ते ६०० सोडू नका. तो त्या दिवशी शेतात नसतो, त्याच्या जागी मजूर लावावाच लागतो.

*३) आता ताळा*
भाड्याची गाडी फेरीला ३,५०० घेते, आणि तुमच्या वर्षाला ४० फेऱ्या होतात असं धरू.
▪️ भाड्याने: १ लाख ४० हजार
▪️ स्वतःची गाडी: २ लाख ८१ हजार ६००
दुपटीहून थोडं जास्तच!

स्वतःच्या गाडीत फेरीमागे १,४६० सुटतात. वर्षाचे २ लाख भरून निघायला *१३७ फेऱ्या* लागतात. ४० तुमच्या. उरलेल्या ९७ कुणाच्या? "शेजाऱ्यांचा माल नेऊ" म्हणाल, पण त्यांचा तोडाही तुमच्याच दिवसांत असतो. आणि हंगाम संपला तरी हप्त्याची तारीख चुकत नाही.

*४) कागदपत्रं*
▪️ गाडी आणि माल मिळून एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. कोटेशनवर ते वजन बघूनच सही करा.
▪️ नव्या गाडीचं फिटनेस २ वर्षांचं. ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी, पुढे दरवर्षी करावं लागतं.
▪️ जादा माल भरला तर कायद्यात २० हजार दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. "चार क्रेट जास्त टाकू" म्हणताना हे आठवा.

*मग गाडी घ्यायचीच नाही का?*
तसं नाही. परतीला खत, पशुखाद्य, किराणा असा माल ठरलेला असेल, किंवा वेगवेगळ्या पिकांचे तिघं-चौघं मिळून बारा महिने फेऱ्या देणार असतील, तर गणित बसतं. पण फेऱ्या आधी ठरवा, गाडी नंतर बुक करा.

आज एवढंच करा. गेल्या वर्षीच्या भाड्याच्या चिठ्ठ्या काढा आणि फेऱ्या मोजा. आकडा घेऊन कंपनीच्या कार्यालयात या. सही करायच्या आधी शेजारी बसून हिशोब मांडू.