टिकली, टेकू आणि टर्बो

नव्वदच्या दशकात आपल्याकडची मुलं व्हिडिओ गेमच्या ज्या कंट्रोलरला बिनदिक्कत ‘रिमोट’ म्हणत, त्याला चांगली लांबलचक वायर असायची. मारिओ ऐन उडीच्या वेळी खड्ड्यात पडला की दोष त्या रिमोटचा. उपायही ठरलेला, बटण आणखी जोरात दाबायचं. माझ्या टेबलावर सध्या असे तीन रिमोट पोट उघडून पडलेत. एक निन्टेन्डोचा अस्सल, दोन बिननावाच्या नकला. बाहेरून सख्खी भावंडं वाटावीत.

निन्टेन्डोने 1983 मध्ये जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ हा गेम कन्सोल आणला आणि 1985 मध्ये त्याचाच अवतार ‘एनईएस’ अमेरिकेत नेला. आपल्याकडे घरोघरी पोहोचल्या त्या बहुतेक त्याच्या नकला. अस्सल एनईएसच्या रिमोटवर चार दिशा धरून आठ बटणं, पण वायरीत तारा पाचच. त्यातल्या दोन विजेच्या. उरलेल्या तिनांतून आठ बटणांची खबर जाते ती आतल्या 4021 नावाच्या साध्या चिपमुळे. एका तारेवरून कन्सोल इशारा देतो आणि चिप त्या क्षणी कोणती बटणं दाबलेली आहेत ते टिपून ठेवते. मग दुसऱ्या तारेवर टिचक्या पडत जातात, तसतशी ती तिसऱ्या तारेवरून एकेक उत्तर सोडते: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. वर्गातली हजेरीच म्हणा ना, आणि ती सेकंदाला साधारण 50 ते 60 वेळा.

ही हजेरीची पद्धत नकलांनी जशीच्या तशी उचलली. फक्त नीट पायांची चिप बसवण्याऐवजी सिलिकॉनचा उघडा तुकडा थेट सर्किटच्या पट्टीवर चिकटवला आणि वर काळ्या इपॉक्सीचा डांबरासारखा थेंब टाकला. खर्च वाचला. पण तो थेंब मेला की मेलाच, कारण त्याखालचं काही बदलता येत नाही. हौशी लोक अशा वेळी सुटी 4021 आणून तारांनी जोडतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फेरी मारायला तेवढंच निमित्त.

खरा फरक मात्र रबरात आहे. प्रत्येक बटणाखाली सिलिकॉन रबराचा छोटा घुमट असतो आणि त्याच्या पोटाशी कार्बन मिसळलेली काळी टिकली. घुमट दबला की टिकली पट्टीवरच्या दोन रेघा जोडते. ही टिकली तांब्यासारखी वाहक नाही, तिला स्वतःचा थोडा रोध असतो. चिपच्या पायावर एरवी एका रोधकातून पाच व्होल्ट आलेले असतात; टिकलीने तो पाय शून्याकडे खेचायचा असतो. टिकली ताजी असेल तर हे सहज होतं. घासून, धूळ बसून तिचा रोध वाढत वाढत त्या रोधकाच्या आसपास पोहोचला, की व्होल्टेज मध्येच लोंबकळतं. चिप कधी ‘हजर’ म्हणते, कधी ‘गैरहजर’. मारिओ खड्ड्यात जातो तो इथे. जोर लावल्यावर टिकली जास्त टेकते म्हणून काम होतं, पण त्याच जोराने घुमटाची कड फाटते. माझ्या दोन्ही नकलांत रबर पातळ आहे आणि एकाची कड फाटलेलीच आहे.

दुरुस्ती सोपी आहे, उत्साह आवरला तर. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून टिकली आणि पट्टी हलकेच पुसायची. पॉलिश पेपर अजिबात नको, पट्टीवरचा काळा थरही कार्बनचाच असतो आणि तो खरवडून जातो. टिकलीवर पेन्सिल घासली तर ग्राफाइटमुळे थोडे दिवस निभावतं. चॉकलेटची चांदी चिकटवण्याची युक्ती मी लहानपणी केली आहे. चालते, पण कडक धातू पट्टीच झिजवतो.

दुसरी भानगड दिशांच्या अधिक चिन्हाची. ते निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी 1982 मध्ये ‘डाँकी काँग’ या हातात धरून खेळायच्या खेळण्यासाठी आणलं. त्याच्या मधोमध खाली टेकू असतो. डावी बाजू दबली की उजवी उचलली जाते. स्वस्त नकलेत हा टेकू आखूड असतो किंवा नसतोच. मग अंगठ्याच्या जोराने डावं-उजवं एकदम दबतं, आणि असं होईल हे खेळ लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं. ‘झेल्डा 2’मध्ये या जोडीने नायक भलत्याच वेगाने सुसाटतो.

अस्सल म्हणजे निर्दोष, असंही नाही. सुरुवातीच्या फॅमिकॉमची ए-बी बटणं चौकोनी, मऊ रबराची होती. ती कडेला अडकून बसत, म्हणून पुढे गोल, कडक प्लास्टिकची केली. नकलांनी तर वर ‘टर्बो’ बटणं दिली. दाबून धरलं की आतला आंदोलक परिपथच बटण भराभर दाबतो-सोडतो. मूळ साध्या रिमोटला ते नव्हतं. ‘काँट्रा’सारखा गोळीबाराचा खेळ खेळलेल्यांना नकलेबद्दल फारसं वाईट बोलवणार नाही.

आणि वायर. ती तुटते ते बहुतेक वेळा रिमोटच्या तोंडाशीच, जिथे ती रोज वाकते. मल्टिमीटर लावून तुटलेली तार शोधायची, दोनेक इंच कापून पुन्हा डाख द्यायचा. फक्त नकलेत रंगावर विसंबू नका. माझ्या एका नकलेत ग्राउंडची तार चक्क लाल आहे. जोडणाऱ्याकडची काळी त्या दिवशी बहुधा संपली असावी.