खानापूरचे पाणी, चोडणची तिवरे

बेळगावकरांना समुद्र जवळचा. परंतु समुद्रकाठचे अरण्य मात्र अपरिचित. गोव्यास जाणे म्हणजे कळंगुटची वाळू आणि काजूची खरेदी, एवढीच आपली समजूत! एखादी सकाळ राखून मांडवीतील चोडण बेटावरचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य अवश्य पाहावे. १९८८ साली घोषित झालेले हे अभयारण्य अवघे १.७८ चौरस किलोमीटरचे आहे. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे उतरावे. पुढची वाट बांधीव, चढ मुळीच नाही. आजी-आजोबांनाही सहज झेपावी अशी.

दोन्ही अंगांस तिवरांची दाट सावली. चिखलात श्वास कोंडू नये म्हणून या झाडांची मुळे जमिनीतून वर डोकावतात. कोणी शेकडो खुंट्या ठोकून ठेवाव्यात तशी. कांदळाची तऱ्हा आणखी निराळी. त्याचे बीज आईच्या अंगावरच रुजते आणि मगच खाली सुटते. निवटी हा मासा असूनही परांच्या आधाराने चिखलावर सरपटतो. इवल्या खेकड्यांतील नर आपली एकच अवाढव्य नांगी हलवून माद्यांना खुणावीत असतात. खंड्या व बगळे दिसतातच, नशीब असेल तर पाणमांजरही. पक्ष्यांसाठी आलेली मुले निवटीपाशीच खिळून राहिलेली आम्ही पाहिली आहेत.

या खाडीत खाऱ्याशी मिसळणारे गोडे पाणी मात्र आपल्याकडचे. मांडवी म्हणजे खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई. चोर्ला घाटाने जाताना कणकुंबी लागते. तेथे मलप्रभेचा उगम. एक नदी पूर्वेस कृष्णेकडे, दुसरी पश्चिमेस सागराकडे. म्हादईचे काही पाणी मलप्रभेत वळविण्याची कळसा-भांडुरा योजना याच टापूतली. लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ व महाराष्ट्रास १.३३ टीएमसी पाणी दिले. तरी तंटा सर्वोच्च न्यायालयात गेलाच. हुबळी-धारवाडची तहान खोटी नाही. पण गोडे पाणी घटले की खाडीचा खारटपणा वाढतो, हेही तितकेच खरे. आणि तिवरांची बाजू मांडावयास वकील नसतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. तेव्हा स्थलांतरित पक्षीही येतात. निपाणीकरांनी आदल्या रात्री बेळगावात मुक्काम करावा. ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी, कारण चिखल उघडा पडला म्हणजेच पक्षी खाली उतरतात. दुर्बीण न्यावी, ट्रान्झिस्टर घरी ठेवावा.