अल्प-नॉइज रेषीय व्होल्टेज रेग्युलेटर

अल्प-नॉइज रेषीय व्होल्टेज रेग्युलेटर हा बॅटरीच्या बदलत्या व्होल्टेजपासून स्थिर व स्वच्छ व्होल्टेज देणारा इलेक्ट्रॉनिक घटक आहे. नॉइज म्हणजे पुरवठ्यातील सूक्ष्म व अनियमित चढउतार. हातात धरून वापरावयाच्या मोजमापयंत्रांत हे चढउतार मूळ संकेतात मिसळल्यास दिसणारा आकडा चुकतो.

रचना व कार्य

यात संदर्भ व्होल्टेज, अॅम्प्लिफायर आणि बॅटरी व मंडल यांच्या दरम्यान जोडलेला ट्रान्झिस्टर असे तीन मुख्य भाग असतात. अॅम्प्लिफायर बाहेर पडणाऱ्या व्होल्टेजची संदर्भाशी सतत तुलना करून ट्रान्झिस्टरचे वहन नियंत्रित करतो. जास्तीचे व्होल्टेज उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते. स्विचिंग रेग्युलेटरची कार्यक्षमता सहसा अधिक असते. मात्र वेगाने चालू-बंद होण्यामुळे त्याच्या पुरवठ्यात तरंग उमटतात.

बॅटरीच्या मर्यादा

लिथियम-आयन सेलचे व्होल्टेज पूर्ण भारित असताना ४.२ व्होल्ट असते व वापरानुसार सुमारे ३ व्होल्टपर्यंत उतरते. जुन्या ७८०५ रेग्युलेटरला निर्गत व्होल्टेजपेक्षा सुमारे २ व्होल्ट अधिक लागतात. अशा सेलसाठी एलडीओ हा प्रकार वापरतात. त्याला ०.१ व्होल्टचा फरक पुरत असेल, तर ३.३ व्होल्टचा पुरवठा सेल ३.४ व्होल्टवर येईपर्यंत टिकतो.

नॉइज कमी करण्याची किंमत बहुधा विद्युतप्रवाहात मोजावी लागते. एलपी५९०७ या रेग्युलेटरचा नॉइज सुमारे ६.५ मायक्रोव्होल्ट व स्वतःचा वापर सुमारे १२ मायक्रोअँपिअर आहे. एलटी३०४२ चा नॉइज केवळ ०.८ मायक्रोव्होल्ट असला, तरी त्याला स्वतःसाठी सुमारे २ मिलिअँपिअर लागतात.

पोलाद उद्योगातील उपयोग

जालना एमआयडीसीतील पोलाद कारखान्यांत इंडक्शन भट्टीत भंगार वितळवून सळ्यांसाठी पोलाद तयार केले जाते. वितळलेल्या पोलादाचे तापमान प्लॅटिनम-ऱ्होडियम थर्मोकपलने मोजता येते. १,६०० अंश सेल्सिअसला ‘एस’ प्रकारचे थर्मोकपल सुमारे १६.८ मिलिव्होल्ट देते; एका अंशाचा फरक सुमारे १२ मायक्रोव्होल्टचा असतो. त्यामुळे संकेतात १२० मायक्रोव्होल्टची चूक शिरल्यास तापमान १० अंशांनी चुकते. धातू अपेक्षेपेक्षा थंड असल्यास ओतण्यापूर्वीच थिजू लागतो. अतितप्त असल्यास वीज वाया जाते व भट्टीचे अस्तर लवकर झिजते.

बॅटरीवर चालणाऱ्या तापमानदर्शकात अल्प-नॉइज रेग्युलेटर अंतर्गत पुरवठा स्वच्छ ठेवतो. भट्टीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे थर्मोकपलच्या तारांत शिरणारा अडथळा मात्र त्याला रोखता येत नाही. त्यासाठी पीळ दिलेल्या व आवरणयुक्त तारा वापराव्या लागतात.