कार्ड आहे, तरी भाजी मिळेना! परदेशी कुटुंबाची मुंबईतली खरेदी कुठे अडते?

समजा, नोकरीनिमित्त एक परदेशी कुटुंब तुमच्या सोसायटीत नुकतेच राहायला आले आहे. बीकेसीतल्या मॉलमध्ये त्यांचे कार्ड आरामात चालते. तिथून मेट्रो-३ ने सीएसएमटी आणि पुढे चालत क्रॉफर्ड मार्केट. इथे मात्र भाजीवाल्याकडे कार्डचे मशीनच नाही, फक्त क्यूआर कोड.

असे का? कार्डने पैसे घेतले की दुकानदाराला शुल्क द्यावे लागते. यूपीआयवर ते जानेवारी २०२० पासून शून्य आहे. मग छोटा विक्रेता मशीन ठेवेल कशाला?

पर्याय काय? आरबीआयने फेब्रुवारी २०२३ मध्ये परदेशी पाहुण्यांना यूपीआय खुले केले. ‘यूपीआय वन वर्ल्ड’ हे पासपोर्ट-व्हिसा तपासून मिळणारे प्रीपेड वॉलेट. भारतीय बँक खाते लागत नाही. मेख अशी, की ही मुभा व्यापाऱ्यांना पैसे देण्यापुरती दिली गेली. दादरच्या फूलवाल्या मावशींनी मुलाच्या खात्याचा क्यूआर लावला असेल, तर पेमेंट अडू शकते. आणि असे क्यूआर पावलोपावली दिसतात.

नोकरीसाठी राहणाऱ्यांना साधे बचत खाते उघडता येते, खरा उपाय तोच. पासपोर्ट, व्हिसा, भाडेकरार तयार हवा. व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे नोंदणीही करावी लागते.

तोवर शेजाऱ्यांना दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवायला सांगा. पाचशेची नोट काढली, की ‘सुटे द्या’ हे पहिले मराठी वाक्य ते बाजारातच शिकतील.