नोंदीचं कोठार वाढवताना

सभासद बंधुभगिनींनो,

दरवेळी मी या पानावर बेणेप्रक्रिया, खोडवा, हुमणी यांबद्दल लिहितो. या खेपेस विषय वेगळा आहे : कारखान्याच्या संगणकातल्या डिस्का. उसाच्या माणसानं यात का शिरावं, असं आपण म्हणाल. पण आपल्या लागणीची तारीख तिथंच लिहिलेली असते. तारीख गेली की तोडणीचा प्रोग्रॅम कोलमडला. आडसाली मागं राहिला आणि सुरू पुढं गेला तर वजन कुणाचं घटतं, हे आपणांस सांगायला नको.

आपल्या ऑफिसात एकच मोठा संगणक आहे, त्याला सर्व्हर म्हणतात. मोठ्या रानात बांध घालून वेगवेगळे वाफे पाडावेत, तसे त्या एका यंत्रात अनेक संगणक पाडलेले आहेत. एकात वजनकाटा, दुसऱ्यात ऊसनोंद, तिसऱ्यात बिलं आणि शेअर्स. यालाच व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. सोय मोठी, पण सगळ्यांची विहीर एकच. ती आटली की सगळेच वाफे वाळतात.

त्या विहिरीच्या रक्षणासाठी 'रेड' नावाची पद्धत असते. रेड म्हटलं की धाड आठवते, ती ही नव्हे. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली एका निबंधात ही कल्पना मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्का एकत्र जोडायच्या, आणि एखादी गेली तरी माहिती जाऊ द्यायची नाही.

हे जमतं कसं? काट्यावरची पावती बघा. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि उसाचं निव्वळ वजन. यातला कोणताही एक आकडा पुसला गेला तरी उरलेल्या दोहोंवरून तो काढता येतो. संगणकाचं गणित थोडं निराळं, पण तत्त्व हेच. आपल्याकडे २ टीबीच्या चार डिस्का 'रेड ५' पद्धतीनं होत्या. एका डिस्कइतकी जागा या पडताळ्यात जाते, म्हणून वापरायला मिळत ६ टीबी.

शिवाराच्या नकाशांनी आणि फोटोंनी गेल्या पावसाळ्यात ही जागा भरत आली. ४ टीबीच्या चार डिस्का आणल्या. एक जुनी काढायची, नवी घालायची, तिच्यावर माहिती पुन्हा उभी राहू द्यायची, मग दुसरी. चारही बदलल्यावरच वाढीव जागा मिळते. मात्र एक डिस्क काढली की दुसरी जाऊन चालत नाही. पावतीवरचे दोन आकडे पुसले तर तिसऱ्यावरून काय काढणार?

तंत्रज्ञ म्हणाला, "साहेब, आधी पूर्ण बॅकअप घेऊ, आणि काम होईतो नोंदी बंद ठेवू." बॅकअप मी मान्य केला. नोंदी मात्र चालू ठेवायला लावल्या, कारण आडसालीची गर्दी होती. चूक माझी.

सकाळी पहिली डिस्क बदलली. नवी भरताना उरलेल्या तिन्ही डिस्का अखंड वाचल्या जातात, म्हणजे जुन्या बैलांना ऐन उन्हात चढावर जुंपण्यासारखंच. सगळ्या एकाच वेळी घेतलेल्या, सारख्याच झिजलेल्या. दुपारी त्यातली एक बसली, आणि सगळा संच गेला.

आदल्या रात्रीचा बॅकअप दुसऱ्या इमारतीत होता, म्हणून आपण वाचलो. त्या दिवसाच्या नोंदी मात्र गेल्या. गट ऑफिसातल्या रजिस्टरवरून बऱ्याच परत भरल्या. ज्यांची नोंद फक्त मोबाइलवर झाली होती, त्यांच्या बांधावर पुन्हा जावं लागलं. त्या सभासदांना जो त्रास झाला, त्याबद्दल मी दिलगीर आहे.

नवा संच आता 'रेड ६' पद्धतीनं बांधला आहे. त्यात दोन डिस्का एकदम गेल्या तरी माहिती राहते. चार डिस्कांत १६ पैकी ८ टीबीच मिळतात. निम्मी जागा वाया गेली असं वाटेल, पण बांधाखालच्या जमिनीला पडीक कोण म्हणतं?

आणखी एक गोष्ट कळली. धरणाची उंची वाढली म्हणून टेलच्या रानात आपोआप पाणी येत नाही. कालवा, चारी, पाट सगळंच रुंद करावं लागतं. तसंच आधी डिस्कांचा संच, मग सर्व्हरवरचं कोठार, मग आतल्या प्रत्येक संगणकाची डिस्क, आणि शेवटी त्यातली फाइलव्यवस्था, अशा क्रमानं वाढवावं लागतं. एक पायरी राहिली तर जागा असूनही मिळत नाही.

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली नोंद रेडही इमानेइतबारे पुसून टाकतो. म्हणून रोजचा बॅकअप वेगळ्या जागी ठेवतो, आणि तो उघडतो की नाही हेही तपासतो.

आपल्याकडून एवढंच हवं : नोंदीची पावती मागून घ्या, तारीख, गट नंबर आणि जात ताडून पाहा, आणि पावती ऊस गव्हाणीत पडेपर्यंत जपा. चूक दिसली तर आठ दिवसांत गट ऑफिसात सांगा. कारखान्याचं कोठार कितीही मोठं झालं, तरी घरच्या कणगीत मूठभर बी ठेवावंच.

कळावे,
आपला,
ऊस विकास अधिकारी